ज्याचं फूल, तो जाईल

धोंडीबा ओव्हाळ हा माणूस मला पहिल्या दिवसापासून हट्टी वाटला आणि शेवटपर्यंत माझं मत बदललं नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मी चांगलंच बोलतोय. हट्टी नसता तर फौंड्रीच्या भट्टीपुढं इतकी वर्षं टिकला नसता, आणि डालड्याच्या डब्यात नारळाएवढं शेवंतीचं फूल आणलं नसतं. पण हट्टी नसता तर पोराचं तोंड बघून मेला असता, हेही तितकंच खरं.

आमची ओळख कंपनीतली. मी आकुर्डीच्या जुन्या गावातला. आमची जमीन कारखान्यात गेली आणि तिच्या मागोमाग मीही आत गेलो, टूलरूमला फिटर म्हणून. धोंडीबा बासष्ट साली जुन्नरकडून आला, बायको भिमाबाई आणि बोटाला धरलेला विलास, एवढाच बारदाना घेऊन. पिंपरीत रेल्वेच्या पलीकडं पत्र्याची खोली घेतली. खोलीपुढं थोडं अंगण होतं. तिथं त्यानं पांढरी शेवंती लावली ती सहा डिसेंबरसाठी. बाबासाहेबांच्या फोटोला विकतचा हार नको, घरचं फूल पाहिजे, एवढंच कारण. पुढं पुढं ते फूल एवढं मोठं यायला लागलं की विहारात आलेली माणसं आधी फोटोला हात जोडायची आणि मग फुलाकडं बघत उभी राहायची.

असाच बघत उभा राहिलेला एक माणूस म्हणजे निगडीचे नानासाहेब. यांची जमीन प्राधिकरणात गेलेली, उरलेल्या तुकड्यावर बंगला आणि बंगल्याभोवती कुंड्याच कुंड्या. त्यांनी शेवंती मंडळ काढलं. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, तेव्हा आम्ही दहा-बारा रिकामटेकडे त्यांच्या ओट्यावर जमायचो. मला चिटणीस केलं, म्हणजे सगळी धावपळ माझ्या गळ्यात. दर डिसेंबरात चिंचवडच्या एका शाळेच्या हॉलमध्ये आमचा मेळावा भरायचा. टेबलांवर फुलं, कडेला चहा, आणि पहिला नंबर बहुतेक वर्षी धोंडीबाचा. बैठकीत हा माणूस तोंडातून अक्षर काढायचा नाही. कुणी विचारलं, काय खत घालतोस, तर म्हणायचा, "काय न्हाई, श्यान." एवढंच.

आता विलासचं सांगतो, कारण खरी गोष्ट त्याचीच आहे. पोरगं हुशार. आयटीआय करून वेल्डर झालं. धोंडीबानं साहेबांचे उंबरे झिजवून त्याला फौंड्रीत घ्यायला लावलं. परमनंट होणार होता. आमच्या वस्तीत परमनंट या शब्दाला काय मान होता ते आता सांगून कळायचं नाही. लग्नाच्या पत्रिकेवर छापायचे लोक. आणि अठ्ठ्याहत्तर साली हा पोरगा म्हणतो, मी बहारीनला चाललो.

भांडण झालं तेव्हा मी अंगणातच होतो. विलास म्हणाला, "आबा, त्या भट्टीपुढं मी न्हाई उभा राहणार. तुमच्या छातीचा आवाज ऐकतोय मी रोज रात्री."

पोरगं काळजीनं बोललं. पण धोंडीबाला ऐकू आलं ते वेगळंच. त्याला वाटलं, मी आयुष्यभर जे खाल्लं त्याच्यावर हा थुंकला. तो उठला, आणि कुंडीतलं तण उपटल्यासारखं एकेक शब्द काढत म्हणाला, "मंग जा. पर गेलास तर परत तोंड दावू नको मला."

विलास गेला. मुंबईला विमानतळावर भिमाबाई गेल्या, शेजारची दोन माणसं गेली. धोंडीबा सेकंड शिफ्टला गेला. पुढं विलासची पत्रं यायची ती आईच्या नावानं. शेवटी न चुकता असायचं, आबांना जयभीम. भिमाबाई ते मुद्दाम मोठ्यानं वाचून घ्यायच्या. धोंडीबा तेव्हा नेमका पाणी घालायला उठायचा.

त्याची छाती मग फारच बिघडली. विम्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं फोटो काढला, खिडकीच्या उजेडाला धरला, आणि म्हणाला, भट्टीवरून बाजूला व्हा. कंपनीनं स्टोअरच्या दारावर बसवला. बसून काम, म्हणजे काय ते त्यालाही कळलं. विलासला कराराप्रमाणं सुट्टी ब्याऐंशीशिवाय नव्हती. एकदा चहा पिताना धोंडीबा मला म्हणाला, "अर्जुनराव, ब्याऐंशी लई लांब हाय." मी चहा प्यालो.

ऐंशीच्या उन्हाळ्यात बहारीनहून मंडळाला पत्र आलं. आमचे तीन-चार सभासद तोवर तिकडं पोचले होते, कुणी फिटर, कुणी ड्रायव्हर. तिथल्या आपल्या लोकांचा क्लब होता, त्यांचा डिसेंबरात कार्यक्रम होता. इथं हिरवं म्हणून काही दिसत नाही, मंडळाची आठवण येते, असं चार ओळींचं रडगाणं लिहिलं होतं. नानासाहेबांनी ते वाचून दाखवलं, सगळे हळहळले, आणि विषय संपला असता.

तर धोंडीबा उभा राहिला. "यंदाचा मेळावा तिकडंच भरवू," म्हणाला. "आपुन जाऊ फुलं घेऊन."

सगळे हसले. मीही हसलो. पण गडी बसला नाही. फुलं कापून ओल्या फडक्यात गुंडाळली तर किती टिकतात ते त्यानं घरी करून बघितलं होतं. खोकं कसलं पाहिजे ते स्टोअरच्या सुताराला विचारून ठेवलं होतं. आपली सुट्टी गुरुवारी तशी तिकडची शुक्रवारी, तेव्हा मेळावा शुक्रवारीच ठेवायचा, इथपर्यंत डोकं चालवलेलं. बारा वर्षांत जेवढा बोलला नव्हता तेवढा त्या एका दुपारी बोलला, आणि मग खोकत खाली बसला. त्याच्या पोटातलं सगळ्यांना कळत होतं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातली गत. पण कुणी विलासचं नाव काढलं नाही.

नानासाहेबांनी क्लबला लिहिलं. मला वाटलं होतं, उत्तरच यायचं नाही. आलं. चौघांची तिकिटं आम्ही काढतो, व्हिसाचं बघतो, सहा जणांची नावं पाठवा, म्हणजे कुणी गळलं तर अडचण नको. फुलं मात्र भरपूर आणा. आता चौघं कोण, हा प्रश्न आला. नानासाहेब म्हणाले, चिठ्ठ्या टाकू.

"चिठ्ठ्या कशाला?" धोंडीबा म्हणाला. "फुलांचा मेळावा हाय. ज्याचं फूल, तो जाईल. नोव्हेंबराच्या शेवटी बघायचं, ज्यांची फुलं चांगली त्यांनी जायचं. ज्याला फूल न्हाई त्यानं घरी बसायचं."

घरी जाताना मी त्याला गाठला. म्हणालो, "अरे बाबा, नियम कशाला करतोस? तुझं नाव तसंच घालू. मंडळात कुणाची ना नाही."

माझ्यावर डोळे वटारून म्हणाला, "भेटायला फुकट गेला म्हनतील. मी फूल घेऊन जाणार." नाकापेक्षा मोती जड म्हणतात ना, तसला त्याचा मान. त्याचंच फूल पहिलं येणार याबद्दल त्याला शंका नव्हती, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही नव्हती.

पासपोर्टसाठी फोटो काढायला मीच त्याला पिंपरीच्या स्टुडिओत नेला. नानासाहेबांचा कोट अंगात घातला होता, खांद्यावरून ओघळत होता. फोटोवाला वैतागला. खोकला थांबवा, मान वर करा, हलू नका. शेवटी आपलं काहीतरी विचारायचं म्हणून म्हणाला, "कुठं दौरा, काका?"

"पोराकडं," धोंडीबा म्हणाला.

दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्या तोंडून तो शब्द ऐकला. फोटोवाल्यानं नेमकं तेव्हाच बटण दाबलं.

पावसाळ्यात शेवंती झकास उठली. शेंडे खुडले, काठ्या लावल्या. पण धोंडीबाला चोरांची भीती बसली होती. आदल्या वर्षी मेळाव्याच्या तोंडावर कुणीतरी त्याच्या दोन कुंड्यांच्या कळ्या मोडून नेल्या होत्या. यंदा तसं झालं तर संपलंच. आता शेतातला माणूस काय करील? कुत्रं बांधील, काटे लावील. पण हा कंपनीतला माणूस. कंपनीत किमती मालावर काय करतात? दिवा लावतात. उजेड असला की चोर येत नाही, हे स्टोअरच्या दारावर बसून त्यानं रोज पाहिलेलं. गणपती उठले आणि यानं अंगणात बांबू रोवून दोनशेचा बल्ब टांगला. दिवस मावळला की लागायचा, उजाडल्यावर विझायचा.

भिमाबाई कावल्या. "भाऊ, डोळा लागत न्हाई वो," मला म्हणाल्या. "कंपनीतच निजल्यावानी वाटतंय." शेजारी कुरकुरले. एकजण म्हणाला, धोंडीबा, हळद लागल्यावानी दिसतंय अंगण, लगीन कुणाचं? धोंडीबानं कुणाचं ऐकलं नाही. आम्हीही जाऊन त्या दिव्याचं कौतुक करून आलो. इतकी वर्षं शेवंती लावणारे आम्ही, पण रानात कधी कुणी रात्रभर दिवा लावला होता का, की आम्हाला काही कळावं?

दसऱ्याच्या सुमाराला सगळ्यांच्या झाडांना कळ्या धरल्या. नानासाहेबांच्या, मंडळातल्या बबनरावाच्या, माझ्यासुद्धा. धोंडीबाच्या झाडांना पानंच. पण काय पानं! हिरवीगार, तजेलदार, कमरेच्या वर झाड. कळीचा पत्ता नाही. त्याला वाटलं, खत कमी पडतंय. त्यानं आणखी घातलं. झाडं आणखी वाढली. बबनराव मंडळात म्हणाला, "धोंडीबा, यंदा पालेभाजी केली काय?" एरवी धोंडीबा हसला असता. त्या दिवशी चहा न घेता उठून गेला.

दिवाळी झाली. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी भिमाबाईंचा निरोप आला म्हणून मी गेलो. त्यांनी मला मोरीमागं नेलं. धुणं धुताना अडचण होते म्हणून एक कुंडी त्यांनी कधीतरी उचलून तिथं, भिंतीच्या आड ठेवली होती. धोंडीबाचं तिच्याकडं लक्षही नव्हतं. झाड खुरटं, पिवळट. आणि अंगभर कळ्या.

"ह्या एकलीलाच कशा आल्या?" भिमाबाई म्हणाल्या.

धोंडीबा आमच्या मागं येऊन उभा होता. त्यानं त्या कुंडीकडं पाहिलं, मग मान वळवून अंगणातल्या बल्बाकडं पाहिलं. मग भिंतीला हात लावून खाली बसला.

"हिला रात्र भेटली," म्हणाला.

मी कपाळाला हात लावला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. ज्या दिव्यानं फूल सांभाळायचं त्यानंच रात्रीचा अंधार हिरावून ते अडवून धरलेलं. धोंडीबानं उठून बल्ब काढला आणि खोलीत नेऊन ठेवला. पण शेवंती काही आपली वाट बघत नाही. कळी धरून फूल उमलायला आणखी दोन महिने, आणि जायचं डिसेंबराच्या मध्यावर. मोरीमागच्या कुंडीला फुलं आली, पण कवडीएवढी. ती काही मंडळापुढं ठेवण्यासारखी नव्हती.

नोव्हेंबराच्या शेवटच्या गुरुवारी सगळे आपापली फुलं घेऊन आले. धोंडीबा रिकाम्या हातांनी आला. नानासाहेबांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. ते म्हणाले, "धोंडीबा, तुमचे कागद झालेत, व्हिसा झालाय. बबनराव आपली जागा तुम्हाला देतोय. त्याची फुलं तुम्ही न्या." बबनरावानं मान हलवली. त्या दिवशीच्या पालेभाजीचं त्याला वाईट वाटत असणार.

धोंडीबा म्हणाला, "नियम कुणी केला?"

"अरे, चुलीत घाल तो नियम," मी ओरडलो. नानासाहेबांच्या ओट्यावर मी कधी आवाज चढवला नव्हता. "पोराला भेटायचंय ना तुला? मग भेट की. कशाला हा ताठा?"

"दुसऱ्याचं फूल घेऊन जाऊ पोरापुढं?" तो म्हणाला. आवाज अजिबात चढला नव्हता. "न्हाई जमायचं, अर्जुनराव." आणि बबनरावाच्या फुलाला कागद गुंडाळायला बसला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. मला इतका राग आला होता की निघताना मी त्याच्याशी बोललो नाही.

सहा डिसेंबरला त्यानं बाजारातून हार आणला. फोटोला घातला आणि लोकांच्या मागं जाऊन उभा राहिला. कुणी फुलाचं विचारलं नाही. सगळ्या वस्तीला माहीत झालं होतं.

आम्ही चौघं गेलो. खोकं धोंडीबानंच भरलं, फडकी त्यानंच भिजवली, आणि फाट्यावर टॅक्सीपर्यंत खोक्याला धरून आला. विलासला काही निरोप आहे का, विचारलं. "बरा हाय का बघून या," म्हणाला. टॅक्सी हलली तरी तो तिथंच होता.

बहारीनला उतरलो. थंडी होती, याचं मला नवल वाटलं. बाहेर आपली बरीच माणसं हार घेऊन उभी, आणि सगळ्यांत पुढं विलास. अंगानं भरला होता. सहा नावांत त्यानं बापाचं नाव वाचलेलं, आणि धोंडीबाचं फूल यायचं नाही असं त्याच्या तरी कशाला मनात येईल. तो येत नसल्याचं पत्र आमच्यातल्या कुणी घातलंच नव्हतं, आणि घातलं असतं तरी आमच्या नंतरच पोचलं असतं. मी, नानासाहेब, बबनराव, चौथा गडी, सगळे त्याच्या पुढ्यातून गेलो. तो आमच्या मागं बघत राहिला. दारातून लोक यायचे थांबले तरी बघत राहिला. त्याच्या हातात एक लोकरी मफलर होता, घडी न मोडलेला.

"काका, आबा?" त्यानं विचारलं.

मी सगळं सांगितलं. बल्ब, पानं, मोरीमागची कुंडी, नियम. सांगताना माझं मलाच ते इतकं खुळ्यासारखं वाटायला लागलं की मी मध्येच थांबलो.

विलासनं ऐकून घेतलं. मफलर एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "फुलं कुणी मागितली होती, काका?" म्हणाला.

मेळावा चांगला झाला. सगळे म्हणत होते, म्हणजे झालाच असणार. तिथल्या एका शाळेच्या हॉलमध्ये बादल्यांत फुलं ठेवली होती. रांगडी माणसं, हाताला भाजल्याचे डाग, एकेक करून यायची, वाकून वास घ्यायची आणि पुढं जायची. विलासनं दिवसभर पाणी बदललं, खुर्च्या उचलल्या. रात्री त्याच्या खोलीवर जेवायला गेलो तर त्याच्या खाटेशेजारी आणखी एक खाट घातलेली होती, नवी चादर टाकून. जोडीदारांना विनंती करून त्यानं जागा केली होती. त्या खाटेवर बसायला आमच्यातलं कुणी तयार होईना. आम्ही खाली बसून जेवलो. निघताना त्यानं मफलर माझ्याकडं दिला.

परत आल्यावर मी घरी न जाता आधी पिंपरीला उतरलो. धोंडीबा अंगणात होता. कळ्यांनी नुकतं तोंड उघडलं होतं, सगळं अंगण पांढरं व्हायच्या बेतात. मी मफलर दिला. त्यानं तो लगेच गळ्याला गुंडाळला आणि विचारलं, "कसा हाय?"

मी त्याला काही लपवलं नाही. विमानतळ सांगितला, खाट सांगितली, आणि विलास काय म्हणाला तेही सांगितलं. राग अजून होताच माझ्या पोटात. वाटलं, कळू दे याला.

तो ऐकत राहिला. मग एका झाडाच्या बुडाशी वाकून माती सारखी करायला लागला. तिथं सारखी करण्यासारखं काही नव्हतं. "मी त्याला म्हनलो होतो ना, तोंड दावू नको," खाली मान घालूनच बोलला. "मंग म्या कुठल्या तोंडानं जायाचं? काहीतरी हातात पायजे होतं, अर्जुनराव."

माझा राग तिथंच गेला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. भिमाबाई चहा घेऊन आल्या, आम्हाला दोघांना बघून कप ठेवून आत गेल्या. फुलं जानेवारीत उमलली. आजवर कधी आली नव्हती एवढी मोठी. त्यानं ती कुणाला दिली नाहीत, मेळाव्याला तर वर्ष बाकी होतं. झाडावरच वाळली.

त्याच उन्हाळ्यात धोंडीबा गेला. विलासला तार केली, पण येणं झालं नाही. तो ब्याऐंशीत आला, करार संपल्यावर, ठरल्याप्रमाणं. मी त्याच्याबरोबर घरी गेलो. त्यानं आईच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि मग भिंतीकडं वळला.

भिंतीवर बाबासाहेबांच्या शेजारी धोंडीबाचा फोटो लावला होता. सबंध आयुष्यात त्याचा एकच फोटो निघाला होता, तोच भिमाबाईंनी पासपोर्टावरून मोठा करून घेतला होता. खांद्यावरून ओघळणारा नानासाहेबांचा कोट, वर केलेली मान, आणि ओठ जरासे उघडे, काहीतरी सांगत असल्यासारखे.

"आबा हसतायत," विलास म्हणाला. "आबांना मी असं कधी बघितलंच न्हाई. कोट कुणाचा? कुठं निघालेत?"

भिमाबाई माझ्याकडं बघायला लागल्या. म्हणून मग मलाच त्याला सांगावं लागलं.